माशांच्या पिलांची उष्टावण

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. ग्रामदैवत कसबा गणपती, तांबट आळी आणि कुंभारवाडा यांच्यामुळे ती महाराष्ट्राला परिचित आहे. या पेठेच्या कडेने मुठा नदी वाहते. शहराचे सांडपाणी वाहून नेणारा प्रवाह, एवढीच आज या नदीची ओळख उरली असली, तरी मत्स्यशास्त्राच्या इतिहासात तिला स्थान आहे. दख्खनची पाहणी करणारे ब्रिटिश अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी या प्रदेशातील माशांची शास्त्रीय वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात दख्खनी महाशीर या देखण्या माशाचे वर्णन होते आणि त्याचा नमुना पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेच्या पाण्यातला होता. त्याच्या शास्त्रीय नावात आलेला ‘खुद्री’ हा शब्ददेखील साइक्स यांनी स्थानिक बोलीतूनच घेतला.

आज कसबा पेठेतील खवय्या गोड्या पाण्यातील मासा आणायला जवळच्या गणेश पेठेतील मासळी बाजारात गेला, तर त्याला प्रामुख्याने रोहू, कटला आणि चिलापी हे मासे दिसतात. यांपैकी एकही मुठेचा मूळ रहिवासी नाही. रोहू आणि कटला हे गंगा व उत्तरेकडील अन्य नद्यांतील मासे. आपल्याकडील तलावांत आणि धरणांत त्यांची पिले सोडावी लागतात. चिलापी, म्हणजेच तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतील मासा. तो १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि उजनीसारख्या जलाशयात तर त्याने आपले राज्यच स्थापन केले. मुठेचा महाशीर मात्र बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला असून, लोणावळ्याजवळच्या एका संवर्धन केंद्रात त्याची पिले हाताने वाढवावी लागतात.

रोहू, चिलापी आणि महाशीर या तीन माशांचे नशीब इतके वेगळे का, याची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक मोठे कारण सहसा लक्षात घेतले जात नाही. ते म्हणजे अंड्यातून बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पिलाला काय खायला मिळते. मत्स्यशेतीचे यश पुढे महिनोन्‌महिने टाकल्या जाणाऱ्या खाद्यावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पिकाचा निम्माअधिक निकाल पहिल्या पंधरवड्यातच लागलेला असतो.

अंड्यातील शिदोरी

प्रत्येक पिलू जन्माला येताना आपल्याबरोबर थोडी शिदोरी घेऊन येते. पोटाखाली लटकणाऱ्या पिशवीत अंड्यातला पिवळा बलक शिल्लक असतो. त्यात प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि खनिजे असे सर्व काही असते. ही पिशवी रिकामी होईपर्यंत पिलाला तोंड उघडण्याची गरज नसते; किंबहुना सुरुवातीला त्याचे तोंड आणि आतडे पुरते तयारही झालेले नसतात.

ही शिदोरी किती द्यायची, याचा निर्णय प्रत्येक माशाने वेगवेगळ्या रीतीने घेतला आहे. रोहूची मादी संख्येवर विश्वास ठेवते. तिच्या शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण दोन ते तीन लाख अंडी असतात. इतक्या अंड्यांत वाटणी झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला बलक तो किती येणार? उबदार पाण्यात ही अंडी एका दिवसाच्या आतच फुटतात आणि पुढील तीन दिवसांत पिलाची पिशवी संपते. त्या वेळी पिलाची लांबी असते अवघी सहा ते आठ मिलिमीटर आणि वजन सुमारे दीड मिलिग्रॅम. या अवस्थेला मत्स्यव्यवसायात ‘मत्स्यजिरे’ म्हणतात. जिऱ्याच्या दाण्याएवढा हा जीव चौथ्या दिवशी स्वतःचे पोट स्वतः भरण्यासाठी मोकळ्या पाण्यात उतरतो.

चिलापीने याच्या नेमका उलट मार्ग स्वीकारला आहे. तिची मादी एका वेळी काही शेच अंडी घालते. पण ती आकाराने मोठी आणि बलकाने भरलेली असतात. शिवाय ती अंडी आणि त्यातून निघालेली पिले ती स्वतःच्या तोंडात सांभाळते. दोन-तीन आठवड्यांनी पिले बाहेर पडतात, तेव्हा ती पोहण्यात आणि खाण्यात तरबेज झालेली असतात. उजनीत बीज न सोडताही चिलापी वर्षानुवर्षे भरभरून मिळते, त्यामागे ही व्यवस्था आहे. तिच्या पिलांचे बालपण कोणा मत्स्यसंवर्धकाच्या हाती नसते. ते आईच्या तोंडात पार पडते.

महाशीर या दोघांच्या मधला आहे. त्याची अंडी हजारांत मोजावी लागतात. त्यांचा व्यास सुमारे तीन मिलिमीटर, म्हणजे माशांच्या मानाने बराच मोठा असतो. अंडी फुटायला तीन दिवस लागू शकतात आणि त्यानंतरही पिलू बलकाच्या वजनामुळे कितीतरी दिवस तळाशी पडून राहते. कोपऱ्यात डोकी खुपसून एकमेकांना चिकटून बसलेली ही पिले पाहिली, तर प्रथमदर्शनी ती आजारी आहेत असेच वाटावे. परंतु डोंगराळ प्रदेशातील वेगवान प्रवाहात वाहून न जाता दगडांच्या फटीत दडून राहण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. वाहते, स्वच्छ आणि प्राणवायूयुक्त पाणी हीच या अवस्थेतील त्याची मुख्य गरज असते. धरणांनी अडलेल्या आणि गाळाने भरलेल्या पात्रात नेमकी तीच पूर्ण होत नाही.

हुकलेला घास

शिदोरी संपली आणि बाहेरचे अन्न मिळाले नाही, तर काय होते? मोठा मासा उपाशीपोटी आठवडेच्या आठवडे तग धरू शकतो. पिलाला ती सवलत नाही. त्याच्या अंगात चरबीचा साठा नसतो आणि शरीर वाढण्याचा वेग मात्र प्रचंड असतो. काही दिवसांच्या उपासानंतर अशी एक सीमा येते की, त्यापुढे समोर अन्न आले तरी ते टिपण्याची शक्तीच पिलात उरत नाही. अशा वेळी पिलू जिवंत दिसते, हालचालही करते. पण त्याचा मृत्यू निश्चित झालेला असतो.

नॉर्वेतील शास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये याच गोष्टीकडे जगाचे लक्ष वेधले. उत्तर समुद्रात हेरिंग आणि कॉड मासे एखाद्या वर्षी विपुल, तर एखाद्या वर्षी तुटपुंजे का मिळतात, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. किती अंडी घातली गेली यापेक्षा, बलक संपण्याच्या नाजूक क्षणी पिलांना पाण्यात योग्य अन्न सापडले की नाही, यावर त्या पिढीचे भवितव्य ठरत असावे, असे त्यांनी मांडले. पुढील शतकभरात या विचारात अनेक सुधारणा झाल्या. पण शत्रू, प्रवाह आणि तापमान यांच्या जोडीला पहिल्या घासाचे महत्त्व कायम राहिले.

भारतात हा प्रश्न ऐरणीवर आला तो एका मोठ्या यशानंतर. पूर्वी रोहू-कटल्याचे बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावे लागे. त्यात नको असलेल्या माशांची पिलेही असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणले. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या तंत्रामुळे हवी तेवढी अंडी मिळू लागली आणि एका हॅचरीत लक्षावधी मत्स्यजिरे तयार होऊ लागले. अंड्यांचा प्रश्न सुटला. पण ते जिरे जगवायचे कसे, हा प्रश्न मागे उरला.

त्याचा हिशेब साध्या आकड्यांत मांडता येतो. समजा एका शेतकऱ्याने एक लाख मत्स्यजिरे संगोपन तळ्यात सोडले. पंधरा-वीस दिवसांनी ते इंचभर लांबीचे ‘मत्स्यबीज’ होतात. व्यवस्था जेमतेम असेल, तर त्यांतील तीस हजार वाचतात. चांगली असेल तर पन्नास हजार. पुढे दोन-तीन महिन्यांत त्यांची बोटभर लांबीची ‘बोटुकली’ होते. या टप्प्यात सत्तर टक्के पिले टिकली असे धरले, तर पहिल्या शेतकऱ्याच्या हाती २१ हजार आणि दुसऱ्याच्या हाती ३५ हजार बोटुकल्या येतात. दुसऱ्या टप्प्यात दोघांनी सारखेच कष्ट घेतले, तरी पहिल्या पंधरवड्यातील फरक शेवटपर्यंत भरून निघत नाही. धरणात सोडायला तर बोटुकलीच लागते. त्याहून लहान पिले तेथील शिकारी माशांच्या पोटात जातात.

तळे हेच स्वयंपाकघर

मग या पिलांना खायला द्यायचे तरी काय? सहा मिलिमीटरच्या पिलाचे तोंड एवढे लहान असते की, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून मोठा घास त्यात मावत नाही. दुसरे म्हणजे ते स्थिर पडलेल्या कणाकडे फारसे लक्ष देत नाही. हलणारे भक्ष्य त्याला दिसते आणि तेच ते टिपते. तिसरी अडचण पचनाची. रोहू, कटला आणि महाशीर हे सारे कार्प कुळातील मासे असून त्यांना जठरच नसते. पिलाचे आतडे ही तर एक आखूड, सरळ नळी असते आणि त्यातील पाचक रस अद्याप अपुरे असतात.

या तिन्ही अडचणींवर निसर्गाने दिलेले उत्तर म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, अर्थात प्राणीप्लवंग. सर्वप्रथम रोटिफर, त्यानंतर मोइना आणि डॅफ्निया ही पाण्यातील पिसवांसारखी जिवंत भक्ष्ये पिले खातात. ती मऊ असतात, हलतात आणि सहज पचतात. त्यांच्या कोरड्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. एकाच तळ्यात लहान-मोठ्या आकाराचे प्लवंग असल्याने पिलू जसजसे वाढते, तसतसा त्याच्या तोंडाला साजेसा पुढचा घासही तयार असतो.

म्हणूनच कुशल मत्स्यसंवर्धक पिलांना खाऊ घालण्याआधी पाण्याला खाऊ घालतो. संगोपन तळे सामान्यतः काही गुंठ्यांचे आणि मीटर-दीड मीटर खोलीचे असते. ते कोरडे करून त्यात चुना टाकतात. तळे आटवणे शक्य नसेल, तर मोहाची पेंड टाकून त्यातील शिकारी मासे नष्ट करतात. तीच पेंड पुढे कुजून खताचे काम करते. जिरे सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी शेंगदाण्याची पेंड, ताजे शेण आणि सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून त्याची राबडी तळ्यात पसरतात. या खताने पाण्यात जिवाणू आणि शेवाळ वाढते, त्यावर प्राणीप्लवंग पोसले जातात आणि त्यांच्यावर पिले.

तळे तयार झाले की नाही, हे पाहण्याची रीतही सोपी आहे. तळ्यातील ५० लिटर पाणी अतिशय बारीक विणीच्या कापडी जाळीतून गाळतात. खाली १ ते २ मिलिलिटर प्लवंग साचले, तर पिलांसाठी ताट वाढून झाले असे समजावे. अशा तळ्यात दर गुंठ्यास साधारण ३० ते ५० हजार जिरे सोडता येतात. वेळ मात्र अचूक साधावी लागते. घाई केली, तर पिले उपाशी राहतात. उशीर झाला, तर सायक्लॉप्ससारखे मोठे प्लवंग आणि पाण्यातील शिकारी किडे इतके माजतात की, तेच नवजात पिलांवर हल्ला करतात. ज्यांना जेवायचे ते स्वतःच जेवण होऊन बसतात.

पेंड आणि कोंडा

एवढी तयारी करूनही प्लवंगांचा साठा काही दिवसांतच आटू लागतो. त्याला जोड म्हणून आपल्याकडे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात दळून देण्याची पद्धत रूढ आहे. शिफारस अशी की, एक लाख जिऱ्यांना पहिले पाच दिवस रोज सुमारे ६०० ग्रॅम आणि त्यानंतर त्याच्या दुप्पट खाद्य सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावे.

येथे एक गंमत लक्षात येते. एक लाख जिऱ्यांचे एकूण वजन दीडशे ग्रॅमच्या आतच भरते. म्हणजे पहिल्याच दिवशी त्यांना त्यांच्या वजनाच्या चौपट जेवण दिले जाते. एवढे कोण खाणार? अर्थात पिले हे सारे खात नाहीत. त्यातील मोठा हिस्सा पाण्यात विरघळून पुन्हा प्लवंगांचेच अन्न बनतो. याचाच दुसरा अर्थ असा की, ‘पिले वाढत नाहीत, आणखी पेंड टाका’ हा उपाय घातक ठरतो. जादा पेंड तळाशी कुजते, पाण्यातील प्राणवायू खाते आणि अमोनिया वाढवते. त्यामुळे पहाटेच्या वेळी, प्राणवायू सर्वांत कमी असताना, संपूर्ण तळ्यातील पिले मरू शकतात.

पेंड-कोंड्याची दुसरी मर्यादा पोषणाची आहे. शेंगदाणा पेंडीत ४० ते ४५ टक्के प्रथिने असतात. कोंड्यात १० ते १२ टक्के. दोन्ही निम्मेनिम्मे मिसळले की मिश्रणात २५ ते २८ टक्के प्रथिने येतात. किलोभर वजनाकडे वाटचाल करणाऱ्या रोहूला एवढी प्रथिने पुरतात. मात्र पिलांच्या आहारात ती ४० ते ४५ टक्के आणि बोटुकलीच्या आहारात ३५ टक्क्यांच्या आसपास असावी लागतात. ही तूट प्लवंग भरून काढतात. ज्या तळ्यात प्लवंग नाहीत, तेथे केवळ पेंड-कोंड्यावर वाढलेली पिले पोट भरलेली, पण कुपोषित असतात.

पिलाला इतकी प्रथिने का लागतात, याचे उत्तर त्याच्या वाढीच्या वेगात आहे. माणसाचे मूल जन्मवजनाच्या दुप्पट व्हायला साधारण पाच महिने घेते. रोहूचे पिलू पंधरा-वीस दिवसांत आपले वजन शंभरपटीच्या घरात नेते. ही सारी वाढ म्हणजे मुख्यतः नवे स्नायू. आणि स्नायूंची उभारणी प्रथिनांवाचून होत नाही. शिवाय मासे ऊर्जेसाठी कर्बोदकांपेक्षा प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचाच अधिक वापर करतात. म्हणून तांदळाची कणी किंवा गव्हाचे पीठ यांनी पिलांची भूक भागवता येत नाही.

प्रथिनांचे केवळ प्रमाण पाहून भागत नाही. त्यांची प्रतही पाहावी लागते. माशांना दहा अमिनो आम्ले आहारातूनच मिळवावी लागतात. शेंगदाण्यात त्यांपैकी लायसिन आणि मेथिओनिन यांची उणीव असते. डाळीतील उणीव भाताने आणि भातातील डाळीने भरून निघते, या वरण-भातामागच्या न्यायानेच माशांच्या खाद्यातही पेंडीला सोयाबीन, फिशमील किंवा अन्य प्रथिनांची जोड दिली जाते.

सूक्ष्म घटकांचे महत्त्वही तितकेच आहे. बहुतेक मासे माणसाप्रमाणेच ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाहीत. वेगाने वाढणाऱ्या पिलांच्या आहारात ते कमी पडले, तर कण्याला बाक येतो आणि कल्ल्यांची झाकणे अपुरी वाढतात. तयार खाद्य कितीही चांगले असले तरी हे जीवनसत्त्व उष्णतेने आणि साठवणुकीने नष्ट होत जाते. म्हणून मुदत उलटलेले पोते स्वस्तात मिळाले, तरी ते पिलांसाठी वापरू नये. कॅल्शियम मासे कल्ल्यांवाटे पाण्यातून घेऊ शकतात. मात्र हाडांना लागणारे फॉस्फरस प्रामुख्याने अन्नातूनच यावे लागते. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असले तरी ते ज्या रूपात असते, ते माशांना फारसे पचत नाही. कागदावर भरलेले ताट प्रत्यक्षात अर्धे रिकामे असू शकते, ते असे.

पावसाळ्यातील बुरशी

महाराष्ट्रात कार्प माशांचा विणीचा हंगाम पावसाळ्यात असतो. नेमक्या याच दिवसांत हवेतील ओलाव्यामुळे शेंगदाणा पेंडीला बुरशी लागते आणि त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. हे विष यकृतावर आघात करते. उन्हात वाळवल्याने वा शिजवल्याने ते पूर्णतः जात नाही. बुरशी आलेली पेंड जनावरांना नको म्हणून माशांच्या तळ्यात टाकण्याची सवय काही ठिकाणी आहे; ती पिलांच्या जिवावर बेतते.

अलीकडे पुणे जिल्ह्यातील अनेक शेततळ्यांत मत्स्यपालन होऊ लागले आहे. शहरात राहून गावाकडील शेती पाहणारे अनेक जण त्यात उतरले आहेत. शेततळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असल्याने पाण्याचा मातीशी संबंध येत नाही. साहजिकच मातीतून मिळणारी पोषकद्रव्ये पाण्यात उतरत नाहीत आणि प्लवंगांची वाढ मंदावते. अशा तळ्यात थेट मत्स्यजिरे सोडणे म्हणजे तान्ह्या मुलाला रिकाम्या घरात ठेवण्यासारखे आहे. तेथे वाढलेल्या बोटुकल्या आणून सोडणे आणि त्यांना संपूर्ण पोषण देणारे तयार खाद्य घालणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. बोटुकली जिऱ्यापेक्षा महाग पडते. पण ती किंमत पहिल्या धोक्याच्या दिवसांतून कोणीतरी तिला सुखरूप बाहेर काढल्याची असते.

खाऱ्या पाण्यातील पिलांची कथा आणखी वेगळी आहे. रायगड जिल्ह्यात लोकप्रिय असलेला जिताडा घ्या. खाडीतील पिले आणून गावतळ्यांत वाढवण्याची तेथे जुनी परंपरा आहे. जिताडा हा पक्का मांसाहारी. त्याच्या पिलांना जिवंत भक्ष्य लागते आणि भूक भागली नाही, तर ती एकमेकांनाच गिळतात. त्यामुळे पिलांची आकारानुसार वारंवार निवड करून त्यांना वेगळे ठेवावे लागते. शिवाय समुद्री माशांना मेंदू आणि डोळे यांच्या वाढीसाठी लागणारी दीर्घ साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत. गोड्या पाण्यातील मासे ती वनस्पतिजन्य मेदाम्लांपासून बऱ्याच अंशी तयार करू शकतात. जगभरातील समुद्री हॅचऱ्यांत आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कोळंबीवजा प्राण्याची पिले वापरतात. ती माशांच्या पिलांना खाद्य म्हणून उत्तम आहेत, हे १९३०च्या दशकात अमेरिका आणि नॉर्वेतील संशोधकांच्या लक्षात आले. आर्टेमियात ही मेदाम्ले पुरेशी नसल्याने आधी आर्टेमियालाच माशांच्या तेलावर पोसतात आणि मग ती पिलांना देतात. घासालाच आधी घास भरवायचा, असा हा प्रकार आहे.

महाशीरची पिले

आता पुन्हा मुठेच्या महाशीरकडे वळता येईल. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७०च्या सुमारास लोणावळ्याच्या तलावांतील महाशीरच्या प्रजननाचा आणि पिलांच्या वाढीचा अभ्यास केला. टाटांच्या वीज कंपन्यांनी वळवण येथे उभारलेल्या केंद्रात त्यांनी आणि शशांक ओगले यांनी दख्खनी महाशीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. तेथे तयार झालेल्या लक्षावधी बोटुकल्या पुढील दशकांत देशातील अनेक राज्यांत पाठवण्यात आल्या.

या कामातील कस अंडी मिळवण्यापेक्षा पिले सांभाळण्यात लागतो. रोहूचे पिलू तीन दिवसांत तळ्यात सोडता येते. महाशीरचे पिलू त्याहून कितीतरी अधिक काळ वाहत्या पाण्याच्या हौदात डोळ्यांत तेल घालून सांभाळावे लागते. बलक संपत आला की, त्याला प्रथम प्राणीप्लवंग आणि मग हळूहळू ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेली बारीक भुकटी अशी सवय लावतात. जिवंत खाद्यावरून कोरड्या खाद्यावर आणण्याचा हा बदल एका दिवसात करता येत नाही; काही दिवस दोन्ही द्यावी लागतात. त्यानंतरही वाढीचा वेग रोहूपेक्षा मंद असतो. मोठा झालेला महाशीर मात्र फळे, शेवाळ, किडे, लहान मासे असे जे मिळेल ते खातो. महाडजवळच्या वाळण कोंडीत तर भाविकांनी टाकलेल्या खाद्यावरही हे मासे तुटून पडताना दिसतात. त्यावरून त्याला काहीही चालते, असा ग्रह होतो. तो मोठ्या माशापुरता खरा आहे. पिलाला त्यातील काहीच चालत नाही.

हॅचरीतील तंत्राने महाशीर वाचवता येतो, हे वळवणने दाखवून दिले. त्याचबरोबर या उपायाची मर्यादाही पुढे स्पष्ट झाली. दख्खनी महाशीरच्या बोटुकल्या कावेरी नदीतही सोडल्या गेल्या आणि तेथील मूळच्या मोठ्या मदारीच्या महाशीरची संख्या घटण्यामागे हे एक कारण असावे, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे. पिले जगवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोणत्या पाण्यात सोडायची याचा विचारही महत्त्वाचा आहे.

मुठेच्या बाबतीत तर प्रश्न त्याहून मूलभूत आहे. उद्या कसबा पेठेच्या काठावर महाशीरच्या हजार बोटुकल्या समारंभपूर्वक सोडल्या, तरी त्यांना श्वास घेण्यापुरता प्राणवायू या पाण्यात मिळेलच असे नाही. आणि समजा त्या जगल्या, मोठ्या झाल्या आणि त्यांनी अंडी घातली, तर त्या अंड्यांतील पिलांना दडायला स्वच्छ दगड-गोटे, अंगावरून वाहणारे निर्मळ पाणी आणि बलक संपल्यावर टिपायला योग्य आकाराचा पहिला घास लागेल. संवर्धन केंद्रात या तिन्ही गोष्टी माणूस पुरवतो. नदीत त्या नदीनेच पुरवाव्या लागतात. त्यासाठी लागणारे स्वच्छ, वाहते पाणी मुठेला परत मिळेपर्यंत महाशीरच्या पिलांची उष्टावण लोणावळ्याच्या हौदातच होत राहील.